पांढरी माशी आणि दोनशे मेगापिक्सेल

१५ ऑगस्ट २०२१ रोजी महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्याला कॅमेरा जोडला गेला. तोवर पिकाची नोंद तलाठी करत असे, कधी बांधावर येऊन, कधी चावडीत बसून. महसूल आणि कृषी खात्याने टाटा ट्रस्टच्या मदतीने उभ्या केलेल्या या ॲपमुळे ते काम शेतकऱ्याच्या हातात आलं. गट नंबर निवडायचा, पीक निवडायचं, क्षेत्र भरायचं आणि उभ्या पिकाचा फोटो काढायचा. फोटोबरोबर अक्षांश-रेखांशही जातात. नोंद झाली नाही तर पीकपेरा कोरा राहतो. मग नुकसानभरपाई असो, विमा असो की सोयाबीनची हमीभावाने खरेदी, प्रत्येक खिडकीवर तोच कागद मागतात.

म्हणून फोनला आणखी चांगला कॅमेरा हवा का, हा प्रश्न बीड जिल्ह्यात हौसेचा उरलेला नाही. पुण्या-मुंबईत तो लग्नातल्या फोटोंवरून विचारला जात असेल. गेवराई, वडवणी, केजकडे तो कापसाच्या ओळीत उभं राहून विचारावा लागतो. माझं उत्तर ‘हो, हवा’ असंच आहे. फक्त दुकानदार ज्याला चांगला म्हणतो, तो कॅमेरा मला अभिप्रेत नाही. त्यातल्या काही सुधारणा शेतात चक्क नडतात. कशा, ते समजायला कॅमेऱ्याच्या पोटात थोडं शिरावं लागेल.

फोनमध्ये कॅमेरा आला तो जपानमध्ये. १९९९ साली क्योसेरा कंपनीचा व्हीपी-२१० हा फोन बाजारात आला. त्याचा कॅमेरा होता ०.११ मेगापिक्सेलचा, म्हणजे अख्ख्या फोटोत जेमतेम एक लाख दहा हजार ठिपके. २००७ चा पहिला आयफोन दोन मेगापिक्सेलचा होता आणि त्याला फोकस जुळवता येत नव्हता. २०१२ मध्ये नोकियाने ४१ मेगापिक्सेलचा फोन काढला तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली. २०१९ मध्ये १०८ आणि २०२२ मध्ये २०० मेगापिक्सेलचे फोन आले. आज बीडच्या मोबाईल शॉपीत हप्त्यावर मिळणाऱ्या साध्या फोनवरही ‘५० एमपी’ असं ठळक अक्षरात लिहिलेलं असतं. वीस-पंचवीस वर्षांत आकडा शेकडो पटींनी वाढला, पण फोटो तेवढ्या पटींनी सुधारला नाही.

कारण ठिपके वाढले, पण ज्या चिपवर, म्हणजे सेन्सरवर, ते बसवायचे तिची जागा फारशी वाढली नाही. स्वस्त फोनमधला नेहमीचा ५० मेगापिक्सेलचा सेन्सर घ्या. तो साधारण ५ मिलिमीटर लांब आणि ४ मिलिमीटर रुंद असतो. एवढ्याशा जागेत पाच कोटी पिक्सेल बसवायचे, तर एकेकाची रुंदी ०.६४ मायक्रॉन ठेवावी लागते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉनच्या दरम्यान असते, म्हणजे पिक्सेल आता प्रकाशाच्या लाटेएवढाच उरला आहे. त्यापुढे त्याला चिरत बसण्यात अर्थ किती, हे सांगायला भौतिकशास्त्राचा पदवीधर लागत नाही.

पिक्सेलचं काम प्रकाश गोळा करण्याचं. चार गुंठ्यांत चार लहान शेततळी खोदा किंवा एकच मोठं खोदा, आभाळातून पडणारं पाणी तेवढंच. उलट चार तळ्यांमधल्या बांधांत जागा जाते. सेन्सरचं तसंच आहे. म्हणून फोन स्वतःच शेजारचे चार पिक्सेल एक करून टाकतो, आणि ‘५० एमपी’चा कॅमेरा आपल्याला रोजच्या वापरात १२.५ मेगापिक्सेलचा फोटो देतो. सेटिंगमध्ये जाऊन पूर्ण ५० चा फोटो मागता येतो, पण त्यातही रंगाची माहिती चार-चार पिक्सेलच्या गटानेच येते. याचं मूळ कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांच्या १९७६ च्या पेटंटमध्ये आहे. पिक्सेलला रंग कळत नाही, उजेड किती ते फक्त कळतं. म्हणून बायर यांनी प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा असा एकेक चिमुकला गाळणीपडदा बसवला. माणसाचा डोळा हिरव्याला सर्वांत तिखट असतो, म्हणून निम्मे पडदे हिरवे ठेवले. आजही जवळपास प्रत्येक फोनचा कॅमेरा याच युक्तीवर चालतो. उरलेले रंग शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरले जातात. म्हणजे अगदी प्रामाणिक फोटोतही काही भाग अंदाजाचा असतोच.

एवढं समजलं की थेट कापसाच्या पानाकडे जाऊ. ऑगस्टमध्ये पान उलटं करून पाहिलं की खाली पांढरी माशी दिसते. लांबी साधारण एक मिलिमीटर. ती आहे, की तुडतुडे आहेत, की फुलकिडे, यावर कोणतं औषध फवारायचं ते ठरतं. तुडतुड्यांनी पानाच्या कडा पिवळ्या-तांबूस होऊन वळतात. फुलकिड्यांनी पानाच्या खालच्या बाजूला चंदेरी झाक येते. पांढरी माशी चिकट पाझर सोडते आणि त्यावर काळी बुरशी धरते. निदान चुकलं की फवारणी वाया आणि मजुरीही वाया. त्यामुळे शेतकरी पानाचा फोटो काढून कुणा जाणत्याला पाठवतो. गावच्या ग्रुपवर, कृषी सहायकाला, कृषी सेवा केंद्रवाल्याला, किंवा खामगाव आणि अंबाजोगाईच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या ओळखीच्या तज्ज्ञाला.

या फोटोचा हिशोब मांडून पाहू. फोनचा मुख्य कॅमेरा दहा सेंटीमीटरवर धरला तर चौकटीत साधारण चौदा सेंटीमीटर रुंदीचा भाग मावतो. १२.५ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी सुमारे ४,०८० पिक्सेल. म्हणजे एका मिलिमीटरच्या माशीच्या वाट्याला २९ पिक्सेल आले. एवढ्यात पंख आणि अंग वेगळं ओळखू येतं, हात हलला नसेल तर. आता तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने टाकला, की ॲप त्याची लांब बाजू साधारण १,६०० पिक्सेलवर आणून ठेवतं. माशीच्या वाट्याला उरले अकरा. अकरा पिक्सेलमध्ये ती माशी आहे, अंडं आहे की धुळीचा कण, हे परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञालाही सांगता येणार नाही. फोन ५० चा असो की २०० चा, या वाटेने गेला की सगळे एका मापात येतात. त्यावर फुकटातला उपाय आहे. पाठवताना फोटो ‘एचडी’ निवडावा, नाहीतर ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावा. त्याआधी फोटो कापून फक्त किडीचा भाग ठेवावा. नवा फोन घेण्याआधी एवढं करून पाहायला हरकत नाही.

इथेच एक गोष्ट येते, जिच्याकडे जाहिराती कधी बोट दाखवत नाहीत. सेन्सर मोठा केला की उजेड जास्त मिळतो, रात्रीचा फोटो सुधारतो. पण त्याच वेळी कॅमेऱ्याला जवळची वस्तू दिसेनाशी होते. आयफोनच्या प्रो मालिकेचं उदाहरण घ्या. १३ प्रोचा मुख्य कॅमेरा १५ सेंटीमीटरवर फोकस करू शकत होता. १४ प्रोमध्ये सेन्सर मोठा झाला आणि हे अंतर २० सेंटीमीटर झालं. १५ प्रोमध्ये २४. अँड्रॉइडच्या महागड्या फोनांचीही हीच तऱ्हा. अधिक किमतीचा कॅमेरा माशीपासून अधिक लांब उभा राहतो आणि जवळ जायचं तर दुसऱ्या, रुंद कोनाच्या कॅमेऱ्याचा आधार घेतो. महागड्या फोनात तो दुसरा कॅमेरा फोकस जुळवतो, त्यामुळे निभावतं. स्वस्त फोनात काय असतं? मागच्या बाजूला तीन-चार गोल भोकं दिसतात, त्यातलं एक ‘मॅक्रो’ असतं, दोन मेगापिक्सेलचं, चार सेंटीमीटरवर कायमचं खिळवलेलं. अनेकदा मुख्य कॅमेऱ्याने दहा सेंटीमीटरवरून काढून कापलेला फोटो त्याहून बरा निघतो. हे भोक म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा एकच कॅमेरा द्या, पण जवळचं नीट दिसणारा द्या.

तोवर हातातल्या फोनवर काम भागवायचं, तर कीटकशास्त्राचे विद्यार्थी वापरतात ते दहा पटीचं हातभिंग घ्यावं आणि मुख्य कॅमेऱ्याच्या काचेला अगदी चिकटवून धरावं. मग पान अडीच सेंटीमीटरवर आणता येतं. चौकटीच्या कडा काळ्या येतील, पण मधल्या भागात एका मिलिमीटरला शंभरावर पिक्सेल मिळतात. पांढऱ्या माशीचे पंख, मावा, फुलकिडा, सगळं वेगळं दिसतं. पान बांबूच्या काडीवर किंवा वहीच्या पुठ्ठ्यावर टेकवावं, म्हणजे वाऱ्याने हलत नाही. आणि त्याआधी लेन्स पुसावी. शर्टाच्या खिशात, घाम आणि तंबाखूच्या पुडीशेजारी राहिलेल्या फोनच्या काचेवर तेलकट थर बसलेला असतो. पन्नास मेगापिक्सेलचा कॅमेरा धुक्यातून पाहावं तसं पाहतो, ते याच थरामुळे.

जवळच्या फोकसपेक्षाही मला काळजी वाटते ती रंगाची. सोयाबीन पिवळं पडलं की दोन शक्यता पहिल्यांदा तपासतात. एक, पिवळा मोझॅक. हा विषाणू पांढरी माशी पसरवते, आणि त्यात पानावर हिरवे-पिवळे वेडेवाकडे चट्टे येतात. दुसरी, लोहाची कमतरता. मराठवाड्याच्या चुनखडीच्या जमिनीत आणि पाणी साचलेल्या रानात ती नेहमी दिसते. तिच्यात नवी पानं पिवळी पडतात पण शिरा हिरव्या राहतात. पहिल्यात झाड उपटून नष्ट करावं लागतं, दुसऱ्यात फवारणीने पीक सावरतं. दोन्हींत फरक आहे तो हिरव्या-पिवळ्याच्या छटांचा.

नेमक्या याच छटा फोन बदलतो. आजचे कॅमेरे समोर काय आहे ते ओळखतात: चेहरा, जेवण, आकाश, झाडझुडूप. झाडं दिसली की हिरवा रंग गडद करतात, कारण गिऱ्हाइकाला हिरवंगार आवडतं. पावसाळी आभाळाखाली पांढऱ्याचा तोल ठरवताना ते आपल्या मनाने रंग उबदार करतात. समोरचा कॅमेरा चेहरा गोरा करतो, तोच स्वभाव मागच्या कॅमेऱ्यातही उतरला आहे. आजारी पान त्यामुळे फोटोत निरोगी दिसू शकतं. हे कुठवर जातं, याचा नमुना मार्च २०२३ मध्ये जगाने पाहिला. एका वापरकर्त्याने चंद्राचं मुद्दाम धूसर केलेलं चित्र संगणकाच्या पडद्यावर लावलं आणि सॅमसंगच्या महागड्या फोनने लांबून त्याचा फोटो काढला. मूळ चित्रात नसलेले खड्डे फोटोत उमटले. चंद्र ओळखून तपशील ठळक करणारी यंत्रणा आपल्या फोनमध्ये आहे, असं कंपनीने खुलाशात सांगितलं. चंद्राच्या बाबतीत यात कुणाचं नुकसान नाही. पण विम्याच्या दाव्याला जोडलेल्या फोटोत किंवा निदानासाठी पाठवलेल्या पानावर फोनने असं काही भरलं, तर त्याचा भुर्दंड शेतकऱ्याला.

म्हणून पिकाचा फोटो काढताना कॅमेऱ्यातली ‘एआय’ची खूण बंद करावी. फोनमध्ये ‘प्रो’ मोड असेल तर तो वापरावा. पानाशेजारी वहीचं कोरं पांढरं पान ठेवावं. पांढरं पान फोटोत पिवळट किंवा निळसर दिसलं, की पाहणाऱ्याला कळतं रंग किती सरकले आहेत. भर उन्हात काढू नये, स्वतःच्या अंगाची सावली पानावर घेऊन काढावा. तसंही दुपारी बाराच्या उन्हात स्वस्त फोनचा पडदा आरशासारखा होतो आणि आपण कशाचा फोटो काढतोय तेच दिसत नाही. ‘कॅमेरा चांगला नाही’ अशा अनेक तक्रारींचं मूळ या अंधुक पडद्यात असतं.

ई-पीक पाहणीत मात्र कीड दाखवायची नसते. तिथे फोटोचा अर्थ एवढाच की हे पीक या जागी उभं आहे. त्यामुळे तिथे कॅमेऱ्यापेक्षा जीपीएसची परीक्षा होते. तुम्ही गटात किंवा गटाच्या जवळ उभे आहात का, हे ॲप तपासतं. मोकळ्या आभाळाखाली साधा फोन पाच मीटरच्या आसपास अचूक जागा सांगतो. एक गुंठा म्हणजे साधारण दहा बाय दहा मीटर. भावकीच्या वाटण्यांनी रानाच्या अरुंद पट्ट्या झालेल्या असल्या, की पाच मीटरची चूकही माणसाला शेजारच्या गटात नेऊन उभं करते. २०१८ पासून काही फोनांत दोन वारंवारितांवर चालणारी जीपीएस आली आहे. तिच्याने ही चूक कमी होते, पण ती अजून सगळ्या स्वस्त फोनांत नाही, आणि दुकानात कुणी तिच्याबद्दल विचारतही नाही.

लोकेशन धरायला वेळ का लागतो, तेही सांगतो, कारण बालाघाटाच्या डोंगरकुशीतल्या गावांना हा अनुभव रोजचा. उपग्रह स्वतःची जागा सांगणारी माहिती सेकंदाला अवघ्या पन्नास बिटच्या गतीने पाठवतो. ती पुरी मिळायला प्रत्येक उपग्रहाकडून अर्धा मिनिट लागतं, तेही मधे खंड पडला नाही तर. इंटरनेट असेल तर फोन हीच माहिती नेटवरून क्षणात उचलतो. रेंज नसली की त्याला आभाळाकडे तोंड करून थांबावंच लागतं. माणूस कंटाळतो, ॲप बंद करून पुन्हा उघडतो, आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. त्यापेक्षा शेतात गेल्यावर आधी लोकेशन सुरू करून, झाडाखाली न थांबता उघड्यावर दोन-तीन मिनिटं उभं राहावं आणि मग ॲप उघडावं.

बीडची आणखी एक अडचण कोणत्याही कॅमेऱ्याने सुटणार नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली लाखो माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, सातारा-सांगली-कोल्हापूरकडे, काही थेट कर्नाटकात. रब्बीची पीक पाहणी होते तेव्हा ती फडात असतात. गटात उभं राहूनच फोटो काढायचा, या नियमाने त्यांच्या रानातली ज्वारी आणि हरभरा नोंदीवाचून राहण्याची भीती असते. गावात पीक पाहणी सहायक नेमण्याची व्यवस्था आहे, ती अशा घरांसाठी आधी चालली पाहिजे. तोडकऱ्याच्या म्हाताऱ्या आईला फोन देऊन ‘ॲप उघड’ म्हणणं ही काही व्यवस्था नव्हे.

आता पुराव्याकडे येऊ, कारण फोनच्या कॅमेऱ्याचं खरं ओझं तिथेच आहे. गेल्या काही वर्षांत सरकारी कामात ‘जीपीएस मॅप कॅमेऱ्याचा फोटो’ हा परवलीचा शब्द झाला. खाली नकाशाचा तुकडा, गावाचं नाव, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ. शिक्षक, ग्रामसेवक, आशाताई, सगळे असे फोटो ग्रुपवर टाकत असतात. पण ही अक्षरं फोटोवर उमटवलेली असतात, आणि जे उमटवता येतं ते बदलताही येतं. फोटोच्या पोटात दडलेली मूळ नोंद त्याहून जास्त कामाची, पण व्हॉट्सॲपवर साधा फोटो टाकला की ती पुसली जाते. म्हणजे पुराव्यासाठी मागवलेल्या फोटोतून पुराव्याचा भागच वाटेत गळून जातो.

रोजगार हमीच्या कामांवर काय झालं पाहा. मजुरांची हजेरी ॲपवर घ्यायची, दिवसातून दोनदा, जागेच्या खुणेसह फोटो काढून, हा नियम १ जानेवारी २०२३ पासून देशभर बहुतेक सगळ्या कामांवर बंधनकारक झाला. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच परिपत्रक काढून त्यातल्या पळवाटा मांडल्या. कामाशी संबंध नसलेले फोटो, फोटोचाच काढलेला फोटो, एकच माणूस अनेक हजेरीपटांवर, फोटोतल्या बायका-पुरुषांची संख्या आणि नोंदीतली संख्या वेगळी. कॅमेऱ्याची सक्ती झाली, पण फोटो पाहणारे डोळे नेमले गेले नाहीत. बीड जिल्ह्यातल्या बोगस पीक विम्याची प्रकरणं राज्यभर गाजली, त्यांतही कागद, ॲप आणि पोर्टल सगळं होतंच. खोटं बोलायचंच असेल तर माणूस उत्तम कॅमेऱ्यानेही बोलतो. आणि ज्याचं खरंच बुडालं, त्याचा फोटो धूसर आला म्हणून त्याच्याकडे संशयाने पाहिलं जातं, हे मला जास्त बोचतं.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात फोटोवरचं हे ओझं ठसठशीत दिसलं. सिंदफणा आणि गोदावरीच्या काठची रानं पाण्याखाली गेली, काही ठिकाणी पिकाबरोबर मातीही खरवडून गेली. पंचनाम्याचं पथक सगळीकडे वेळेत पोहोचणं शक्यच नव्हतं, आणि मोबाईलवर काढलेले फोटोही पंचनाम्याला ग्राह्य धरू असं सरकारने जाहीर केलं. निर्णय योग्यच होता. पण त्या दिवसांत फोटो काढायचा म्हणजे अंधारून आलेलं आभाळ, ओले हात, पडद्यावर पाण्याचे थेंब पडून भलतंच बटण दाबलं जाणं आणि वीज नसल्याने पंधरा टक्क्यांवर आलेली बॅटरी. अशा वेळी जो फोन पाण्यात टिकतो, हात थरथरला तरी चित्र स्थिर ठेवतो आणि एका बटणावर कॅमेरा उघडतो, तो चांगला. हात स्थिर नसला तर लेन्स स्वतः हलून ते सावरते, अशी सोय दहा हजारांच्या आतल्या फोनांत सहसा मिळत नाही. दोनशे मेगापिक्सेलऐवजी कंपन्यांनी ती खाली आणली असती तर गावाकडच्या गिऱ्हाइकाचं भलं झालं असतं.

कायद्यानेही फोनच्या कॅमेऱ्याला मोठं स्थान दिलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं चित्रण करायचं असतं, शक्यतो मोबाईलवरच. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात त्या फाइलचं ‘हॅश’ मूल्य द्यावं लागतं. हॅश म्हणजे फाइलमधून गणिताने काढलेली आकड्या-अक्षरांची एक ओळ. फोटोतला एक पिक्सेल बदलला तरी ती पार वेगळी येते. फोटो खरा की खोटा हे ती सांगत नाही, पण काढल्यानंतर त्याला कुणी हात लावला का हे सांगते.

कॅमेऱ्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी सुधारणा याच दिशेची आहे. २०२१ मध्ये अडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी आदींनी मिळून सी-टू-पी-ए नावाचं एक मानक आखायला घेतलं. फोटो काढतानाच कॅमेरा त्यावर गणिती सही करतो: कोणत्या यंत्राने काढला, कधी, आणि नंतर त्यात काय बदललं. २०२३ मध्ये लायका कंपनीच्या एका कॅमेऱ्यात ही सोय पहिल्यांदा आली. २०२५ मध्ये गुगलच्या पिक्सेल १० या फोनच्या कॅमेऱ्यात ती आली. सध्या ती महागड्या यंत्रांपुरती आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने पुरात बुडालेलं शेत काही सेकंदांत ‘तयार’ करता येत असताना, अशा सहीची सर्वांत जास्त गरज ज्याचं शेत खरोखर बुडालं त्याला आहे.

ती त्याच्या फोनमध्ये येईपर्यंत थांबायची मात्र गरज नाही. ई-पीक पाहणीचं ॲप फोटो आपल्याच कॅमेऱ्यातून, जागेवर घेतं. हेच तत्त्व पंचनाम्याला, विम्याला, रोजगाराच्या हजेरीला लावून, फोटो काढताक्षणी त्याचा हॅश फोनमध्ये नोंदवून ठेवता येतो. तो ओळभराचा मजकूर असतो. एका काडीच्या रेंजवरही तो जातो, चार एमबीचा फोटो रात्री गावात आल्यावर गेला तरी चालतो. यासाठी शेतकऱ्याने एक रुपयाही खर्च करायची गरज नाही. खर्च आणि डोकं, दोन्ही ॲप बनवणाऱ्यांचं.

आणि त्यांनी ते ॲप कोणत्या फोनवर चालवून पाहायचं, हेही ठरवून टाकलं पाहिजे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले होते. दोन जीबी रॅमचे ते फोन पोषणाच्या ॲपचं ओझं पेलत नव्हते, तापत होते, बंद पडत होते. पुढे नवे फोन मिळाले, आणि जुलै २०२५ पासून पोषण आहार घेणाऱ्या आईचा चेहरा फोनच्या कॅमेऱ्याने ओळखून मगच वाटप करायचा नियम आला. अंगणवाडीची खोली अंधारी, दारातून येणारा उजेड पाठीमागे, मांडीवर रडणारं मूल. चेहरा जुळला नाही तर सेविका काय करणार? तिला चांगला कॅमेरा हवाच, पण त्याबरोबर ‘फोटो जुळला नाही तरी आहार द्या आणि कारण लिहा’ असं सांगणारं बटणही हवं.

फोन घ्यायला बीडला, माजलगावला किंवा अंबाजोगाईला जाणाऱ्यांनी दुकानात चार गोष्टी स्वतः करून पाहाव्यात. खिशातली नोट काढून तिच्यावरची बारीक अक्षरं दहा सेंटीमीटरवरून स्पष्ट येतात का ते पाहावं. फोन दुकानाबाहेर उन्हात नेऊन पडदा वाचता येतो का ते पाहावं. एका हाताने, चालता चालता फोटो काढून तो मोठा करून बघावा. आणि लोकेशन सुरू करून नकाशावरचा निळा ठिपका आपल्या जागी यायला किती वेळ घेतो ते मोजावं. यातली एकही गोष्ट खोक्यावर छापलेली नसते. खरिपाची पाहणी सुरू होण्याआधी महसूल आणि कृषी खात्यानेही प्रत्येक नव्या आवृत्तीची चाचणी अशाच आठ-दहा हजारांच्या फोनवर, पाटोदा किंवा धारूरच्या डोंगरी शिवारात, भर दुपारी आणि पावसात घ्यावी, आणि ज्या फोनवर फोटो जात नाही त्या फोनच्या मालकाची नोंद पीक पाहणी सहायकाने सात दिवसांत बांधावर जाऊन करावी, असा लेखी नियम काढावा.